टोपली, मडके आणि काचपेटी : महाराष्ट्रातील बंदिस्त सापांच्या निवाऱ्याचा इतिहास
(सिद्धगड परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून सिद्धगड उभा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी येथे हौतात्म्य पत्करले. त्यामुळे आधुनिक इतिहासाच्या अभ्यासकांना हे स्थान अपरिचित नाही. हाच परिसर १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या क्षेत्राशी निगडित आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत भातशेती, माळ आणि जंगल एकमेकांना खेटून आहेत. साहजिकच येथील माणसाचा सापाशी येणारा संबंध नैमित्तिक नसून नित्याचा आहे.

गेल्या दोन दशकांत या संबंधाला एक नवे वळण लागले आहे. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील काही घरांमध्ये विदेशी साप पाळले जाऊ लागले. त्यांत उत्तर अमेरिकेतील 'कॉर्न स्नेक' हा बिनविषारी साप विशेष प्रचलित आहे. त्याचे पिल्लू घरी आणल्यावर ते नव्या जागेत कसे रुळवावे, याविषयी इंग्रजीत विपुल मार्गदर्शन उपलब्ध असून ते आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचले आहे. वरवर पाहता हा केवळ छंदाचा विषय वाटतो. परंतु 'पकडलेल्या किंवा पाळलेल्या सापाला राहण्यास कशी जागा द्यावी' हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. गारुड्याने तो टोपलीने सोडविला, शिराळ्याच्या भाविकांनी मडक्याने, प्रयोगशाळेने पिंजऱ्याने आणि सर्पोद्यानाने खुल्या हौदाने. या उत्तरांचा क्रमवार विचार केल्यास माणसाची सापाविषयीची दृष्टी कशी बदलत गेली, हे स्पष्ट होते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, महाराष्ट्रात साप बंदिस्त ठेवण्याच्या प्रमुख पद्धतींचा ऐतिहासिक आढावा घेणे. दुसरे, प्रत्येक पद्धतीत सापाच्या नैसर्गिक गरजांचे कितपत भान होते, हे तपासणे. तिसरे, विदेशी साप पाळण्याच्या आजच्या प्रवृत्तीचा शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने अर्थ लावणे. त्यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साधने, कायद्यातील तरतुदी आणि लोकपरंपरा यांचा आधार घेतला आहे.

लोकजीवनातील साप आणि त्याचे घर

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण मराठीत आळशी व परोपजीवी माणसाला उद्देशून वापरली जाते. तिच्यातील उपहास बाजूला ठेवला, तर त्यामागे अचूक निरीक्षण असल्याचे दिसून येते. आपल्याकडील बहुतेक साप स्वतः बीळ खणत नाहीत. उंदराने खणलेले बीळ, वाळवीने उभारलेले वारूळ, दगडी बांधातील फट, पेंढ्याची गंजी किंवा झाडाची ढोली अशा तयार जागांचा ते आश्रय घेतात. सापाला हवी असते ती अंगाला चहूबाजूंनी टेकणारी, अंधारी, तापमान फारसे न बदलणारी आणि शत्रूला शिरता येणार नाही अशी जागा. बंदिस्त सापाच्या निवाऱ्याचा विचार करताना ही बाब मध्यवर्ती ठरते.

नागपंचमीच्या दिवशी नांगर धरू नये, जमीन खणू नये, चिरू-कापू नये, तवा चुलीवर ठेवू नये, असे संकेत कोकणात व देशावर सर्वत्र आढळतात. त्यांचे धार्मिक स्पष्टीकरण काहीही असो, व्यवहारात त्या दिवशी सापाच्या घराला धक्का लावायचा नाही, असाच त्यांचा अर्थ होतो. श्रावणात बिळांमध्ये पाणी शिरते आणि साप बाहेर पडून मनुष्यवस्तीजवळ येतात. नेमक्या याच काळात हा सण यावा, हे लक्षणीय आहे.

याच लोकजीवनात भीतीची परंपराही होती आणि वसाहतकालीन शासनाने तिला आर्थिक प्रोत्साहन दिले. विषारी साप मारून आणणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत ब्रिटिश अमदानीत प्रचलित होती. १८६२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात असे बक्षीस लावल्यानंतर अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणण्यात आल्याची नोंद आहे. सापाला घर असते ही जाणीव आणि साप म्हणजे मोजून पैसे घेण्याची वस्तू ही दृष्टी, या दोन्ही एकाच भूमीत एकाच काळात नांदत होत्या.

टोपली : गारुड्याचा साप

साप बंदिस्त ठेवण्याची सर्वांत जुनी आणि सर्वपरिचित पद्धत गारुड्यांची होय. वेताची किंवा बांबूची झाकणाची चपटी टोपली हे सापाचे घर आणि प्रवासाचे साधन होते. तीत अंधार असे आणि साप वेटोळे घालून बसू शके. या मर्यादित अर्थाने ती टोपली बिळासारखी होती. परंतु झाकण उघडले की सापाला पूर्ण उजेडात, गर्दीसमोर फणा काढावा लागे. साप पुंगीच्या सुरावर डोलतो, ही समजूत खरी नाही. त्याला बाह्यकर्ण नसतो. समोर हलणाऱ्या पुंगीच्या आणि हाताच्या हालचालीला तो बचावाच्या पवित्र्यात प्रतिसाद देत असतो. ज्याला आपण खेळ म्हणत आलो, तो सापाच्या बाजूने दिवसातून अनेकदा घडणारा भीतीचा प्रसंग होता.

विषदंत उपटणे, तोंड शिवणे, दूध पाजणे या प्रथांनी सापाचे आयुष्य आणखी घटत असे. दूध हे सापाचे अन्न नव्हे. तहानलेला साप पुढे येईल तो द्रव पितो, एवढाच दूध पिण्याचा अर्थ. दंत काढलेल्या सापाचे तोंड सडते आणि तो भक्ष्य धरू शकत नाही. त्यामुळे टोपलीतील साप काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरत असे व त्याची जागा जंगलातून आणलेला दुसरा साप घेई. थोडक्यात, टोपलीच्या व्यवस्थेत सापाने तेथे रुळावे, अशी अपेक्षाच नव्हती. त्याने केवळ पुढच्या खेळापर्यंत टिकावे, एवढीच गरज होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गारुडी समाजाकडे साप शोधण्याचे, हाताळण्याचे आणि त्याच्या सवयी ओळखण्याचे मोठे ज्ञान होते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर त्यांचा व्यवसाय बेकायदेशीर ठरला. तो बंद होणे अपरिहार्य होते. तथापि त्या ज्ञानाचा पुढे कोणत्या स्वरूपात उपयोग करावा, याचा विचार महाराष्ट्रात पुरेसा झाला नाही.

मडके : शिराळा आणि इरुला सहकारी संस्था

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागपंचमी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तेथील परंपरेचा संबंध गोरखनाथांच्या कथेशी जोडला जातो. सणापूर्वी काही दिवस शेतशिवारांतून जिवंत नाग पकडून आणावेत, ते मडक्यांत घालून घरी ठेवावेत, नागपंचमीला त्यांची पूजा व मिरवणूक व्हावी आणि नंतर त्यांना पुन्हा मूळ जागी सोडावे, असा परिपाठ होता. गारुड्याच्या व्यवस्थेपेक्षा ही व्यवस्था दोन बाबतींत वेगळी ठरते. येथील बंदिवास अल्पकालीन होता आणि साप परत करण्याचे बंधन परंपरेतच अंतर्भूत होते. मातीचे मडके थंड, अंधारे आणि अरुंद असल्याने ते टोपलीपेक्षाही बिळाच्या अधिक जवळचे होते. मात्र मिरवणुकीतील गोंगाट, हाताळणी आणि स्पर्धा यांमुळे सापांना होणारी इजा हा आक्षेपाचा विषय झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नाग पकडून मिरविण्यास प्रतिबंध झाला. २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पारंपरिक ज्ञानाच्या शैक्षणिक प्रसारासाठी २१ साप पकडण्यास मर्यादित परवानगी दिली. परंपरा आणि संरक्षण यांतील हा वाद अद्याप मिटलेला नाही, हे यावरून दिसते.

मडक्याचा दुसरा आणि अधिक शास्त्रीय वापर तमिळनाडूत आढळतो. १९७६ मध्ये सापाच्या कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आल्यानंतर इरुला आदिवासींचा पारंपरिक उदरनिर्वाह धोक्यात आला. त्यांच्यासाठी १९७८ मध्ये चेन्नईजवळ साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. रोम्युलस व्हिटेकर यांचा त्यात पुढाकार होता. परवान्यानुसार पकडलेले विषारी साप वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यांत, तोंडाला सुती कापड बांधून, सुमारे तीन ते चार आठवडे ठेवले जातात. त्या काळात ठरावीक अंतराने विष काढून साप पुन्हा जंगलात सोडले जातात. भारतातील प्रतिसर्पविष उत्पादकांना लागणारे बरेचसे विष या संस्थेने पुरविले आहे. म्हणजेच आपल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या औषधामागे मडक्यात शांतपणे बसलेल्या सापाचा वाटा आहे. भटक्या-विमुक्त आणि आदिवासी समूहांच्या ज्ञानाला कायद्याच्या चौकटीत स्थान कसे देता येते, याचे हे अनुकरणीय उदाहरण होय.

प्रयोगशाळा : हाफकिन संस्थेचा अनुभव

वाल्डेमार हाफकिन यांनी १८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. १९०६ मध्ये तिचे नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे झाले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. पुढे या संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारे बहुगुणी प्रतिसर्पविष तयार होऊ लागले. सापाचे विष अल्प मात्रेत घोड्याला टोचून त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये वेगळी करणे, हे या औषधाचे मूळ तत्त्व आहे. त्याचा पाया अल्बेर काल्मेत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला होता.

या कार्यासाठी जिवंत, निरोगी साप दीर्घकाळ बाळगणे आवश्यक होते. महाराष्ट्रात बंदिस्त सापाच्या प्रकृतीचा पद्धतशीर विचार प्रथम येथेच सुरू झाला, असे म्हणता येते. गारुड्याच्या दृष्टीने साप मेला तर दुसरा मिळत होता. प्रयोगशाळेच्या दृष्टीने मात्र खंगलेला साप कमी विष देतो आणि मेलेला साप काहीच देत नाही. त्यामुळे त्याचे खाणे, कात टाकणे, तापमान आणि रोगराई यांच्या नोंदींना महत्त्व आले. हाफकिन संस्थेत काम केलेले डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांकडून मिळणाऱ्या विषाच्या मात्रेचा अभ्यास केला. त्यांचे 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले आणि सापांविषयीची शास्त्रीय माहिती सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचविली.

जंगलातून आणलेला प्रौढ साप बंदिवासात अनेकदा अन्न नाकारतो. हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. सापाचे अन्न नाकारणे हे त्याच्या असुरक्षिततेचे सर्वांत स्पष्ट लक्षण असते. सापाला आवाज नाही, चेहऱ्यावर भाव नाहीत. तो नव्या जागी रुळला की नाही, हे कळण्याचा विश्वसनीय मार्ग एकच, तो म्हणजे त्याने स्वतःहून भक्ष्य घेणे आणि ते पचविणे. टोपलीच्या आणि मडक्याच्या व्यवस्थेत हा निकष उपयोगात येण्याचे कारण नव्हते. प्रयोगशाळेने त्याला प्रथमच महत्त्व दिले.

सर्पोद्यान : लोकशिक्षणाचा टप्पा

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र दालन उघडण्यात आले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले दालन मानले जाते. महाराष्ट्रात सापांचे प्रदर्शन लोकशिक्षणाशी जोडण्याचे श्रेय प्रामुख्याने नीलिमकुमार खैरे यांना जाते. १९८० मध्ये त्यांनी पुण्यात ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास एका बंद काचेच्या खोलीत राहून दाखविले. साप विनाकारण चावत नाही, हे सिद्ध करणे हा त्यामागील हेतू होता. पुढे १९८६ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या सहकार्याने कात्रज येथे सर्पोद्यान उभे राहिले.

सर्पोद्यानांनी महाराष्ट्राला 'सर्पमित्र' ही संकल्पना दिली. आज शहापूर, मुरबाड, बदलापूर परिसरात घरात साप निघाल्यास काठीऐवजी दूरध्वनीकडे हात जातो, हे या चळवळीचे मोठे यश मानावे लागेल. परंतु पकडलेला साप लगेच न सोडता घरी बरणीत किंवा पिशवीत ठेवणे, त्याच्यासोबत छायाचित्रे काढणे, मुलांना दाखविणे हे प्रकारही तिच्याबरोबर वाढले. गारुड्याची टोपली गेली. तिची जागा प्लॅस्टिकच्या बरणीने घेतली, एवढाच काय तो फरक अशा ठिकाणी उरतो.

काचपेटी : पाळीव सापाचे आगमन

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातील उंदीर खाणारा, भक्ष्याला विळखा घालून मारणारा बिनविषारी साप आहे. लिनियसने १७६६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मक्याच्या कोठारांभोवती उंदरांच्या शोधात त्याचा वावर असे, त्यावरून किंवा पोटावरील मक्याच्या दाण्यांसारख्या नक्षीवरून त्याला हे नाव पडले असावे. आपल्याकडील तस्कर हा साप आणि कॉर्न स्नेक हे दोन्ही पूर्वी 'इलाफे' या एकाच प्रजातीत गणले जात. पुढील वर्गीकरणात ते वेगळे करण्यात आले. भातखाचरातील उंदरांवर जगणारा तस्कर आणि मक्याच्या कोठारातील उंदरांवर जगणारा कॉर्न स्नेक हे शेतीच्या इतिहासाचे समांतर साक्षीदार आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या सापाचा पाळीव इतिहास अलीकडचा आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात काळ्या रंगद्रव्याचा अभाव असलेला एक नर सापडला. बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याच्यापासून केलेल्या प्रजननातून १९६१ मध्ये तशा रंगाची पिल्ले जन्मली. त्यानंतर निवडक प्रजननाने असंख्य रंगछटा निर्माण झाल्या. आज बाजारात मिळणारे बहुतेक कॉर्न स्नेक अनेक पिढ्या बंदिवासातच जन्मलेले असतात. टोपली व मडक्यातील सापापेक्षा हा मूलभूत भेद आहे, कारण येथे जंगलातून ओढून आणलेला जीव नसतो. तरीही पिल्लाच्या उपजत प्रवृत्ती जंगली सापाच्याच राहतात. अंड्यातून बाहेर येताना ते जेमतेम २० ते ३० सेंटीमीटर लांब असते आणि निसर्गात पक्ष्यांपासून मोठ्या सापांपर्यंत अनेकांचे भक्ष्य असते. लपणे हाच त्याचा एकमेव बचाव होय.

नव्या घरी आलेल्या अशा पिल्लाला रुळविण्याची आजची मान्य पद्धत पाहिली, तर मागील सर्व टप्प्यांचे ज्ञान तीत एकवटलेले दिसते. पेटी पिल्लाच्या मानाने फार मोठी व उघडी नसावी. झाकण घट्ट बसणारे असावे, कारण डोके शिरेल इतक्या फटीतून पिल्लू निसटते. पेटीच्या एका टोकाला सुमारे २८ ते ३१ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २५ अंश तापमान असावे. साप शीतरक्ती असल्याने ऊब आणि गारवा यांत ये-जा करूनच तो शरीराचे तापमान राखतो. दोन्ही टोकांना अंगाला टेकेल अशी अरुंद, अंधारी लपण असावी. लपण एकाच टोकाला असेल, तर पिल्लू सुरक्षितता आणि योग्य तापमान यांपैकी एकाचीच निवड करू शकते व बहुधा सुरक्षितता निवडून अन्न पचविण्यास असमर्थ ठरते. ताज्या पाण्याचे पसरट भांडे नित्य असावे.

पहिले पाच ते सात दिवस पिल्लाला हात लावू नये, हा सर्वांत महत्त्वाचा आणि पाळण्यास सर्वांत कठीण असा नियम आहे. पाणी बदलण्यापलीकडे पेटी उघडू नये. त्यानंतर उंदराचे नुकतेच जन्मलेले, गोठवून पूर्णतः नरम व कोमट केलेले पिल्लू द्यावे. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून फारशी अधिक नसावी. पिल्लाने खाल्ल्यास किमान ४८ तास त्याला हाताळू नये. न खाल्ल्यास घाबरून रोज प्रयत्न न करता पाच-सात दिवस थांबावे. खाल्लेले ओकून टाकल्यास दहा ते चौदा दिवस पोटाला विश्रांती द्यावी. डोळे निळसर धूसर झाल्यास ते कात टाकण्याचे पूर्वचिन्ह समजावे. त्या काळात सापाला कमी दिसते व तो अन्न नाकारतो. दोन-तीन वेळा व्यवस्थित खाणे झाल्यानंतरच अल्पकाळ हाताळण्यास सुरुवात करावी.

इंग्रजी पुस्तकांतील हे मार्गदर्शन बहुतांशी थंड हवामानाच्या देशांत लिहिले गेले आहे. त्यांचा भर पेटी उबदार ठेवण्यावर असतो. कोकणपट्टीत प्रश्न उलट आहे. शहापूर-मुरबाडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छताखालील खोली त्याहून तापते. अशा खोलीत काचपेटीला उष्णतेची गादी लावणे म्हणजे सापाला भाजणे होय. पावसाळ्यात हवेतील अतिरिक्त दमटपणामुळे पेटीत बुरशी धरते आणि श्वसनाचे व त्वचेचे विकार संभवतात. मातीचे मडके येथे पुन्हा उपयोगी पडते. फुटक्या मडक्याचा उपडा तुकडा ही उन्हाळ्यात थंड राहणारी उत्तम लपण होय.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतातील देशी साप संरक्षित असून त्यांना पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. कायद्यातील 'शिकार' या संज्ञेत पकडण्याचाही समावेश होतो. म्हणून तस्कर, धामण, दिवड किंवा कवड्या यांचे पिल्लू 'बिनविषारीच आहे' म्हणून घरी पाळणे कायद्याने निषिद्ध आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील विदेशी प्रजातींसाठी नवी अनुसूची जोडण्यात आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक झाली. कॉर्न स्नेक त्या आंतरराष्ट्रीय करारातील परिशिष्टांत समाविष्ट नाही. तथापि याचा अर्थ तो कसाही आणता येतो असा नाही. जिवंत प्राण्यांच्या आयातीस परवाना आणि आरोग्यविषयक तपासणी आवश्यक असते.

प्रत्यक्षात काय घडते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून, बिस्किटे व केकच्या पाकिटांत दडविलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने जप्त केले. पाकिटात कोंबून आणलेल्या सापाला नंतर कितीही आदर्श काचपेटी दिली, तरी त्याच्या प्रवासाचे स्वरूप बदलत नाही. त्यामुळे पिल्लू कोठून आले, त्याची कागदपत्रे कोणती, हा प्रश्न पेटीचे तापमान किती या प्रश्नाच्या आधीचा आहे.

सिद्धगड परिसराच्या संदर्भात

या साऱ्याचा सिद्धगडच्या पायथ्याशी राहणाऱ्यांशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. तो तीन प्रकारांनी येतो.

पहिला संबंध सर्पदंशाचा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आला आहे. म्हणजेच वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाळीव साप हाताळण्याच्या दृश्यांनी प्रभावित झालेला विद्यार्थी जेव्हा रानातील पिल्लाला हात घालतो, तेव्हा ते कवड्याचे आहे की मण्यारचे, हे ठरविण्यास त्याला क्षणाचाही अवधी नसतो. मण्यारच्या दंशाच्या वेदना अनेकदा जाणवतही नाहीत. यामुळे 'साप पाळता येतो' या अर्धवट माहितीची किंमत शहरापेक्षा येथे अधिक मोजावी लागते.

दुसरा संबंध अरण्याचा. कॉर्न स्नेक बंदिवासात पंधरा ते वीस वर्षे जगतो. हौस ओसरल्यावर त्याचे काय करावे, असा प्रश्न पडला की शहरातील माणसाच्या मनात 'जंगलात सोडून देऊ' हा विचार प्रथम येतो आणि मुंबई-ठाण्याच्या माणसाला जंगल म्हटले की शहापूर-मुरबाडचे डोंगरच जवळचे वाटतात. कॅरिबियन समुद्रातील काही बेटांवर हा साप माणसाबरोबर पोहोचून तेथे स्थायिक झाल्याची उदाहरणे आहेत. बंदिवासातील सापांमध्ये पसरणारे रोगजंतू स्थानिक सापांत जाण्याचा धोकाही असतो. अभयारण्यात विदेशी साप सोडणे ही दया नसून येथील तस्कर-धामणींवर केलेला अन्याय आहे.

तिसरा संबंध ज्ञानाचा. या परिसरातील ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजातील वडीलधाऱ्यांना कोणत्या महिन्यात कोणता साप कोठे असतो, याची माहिती असते. इरुला संस्थेचे उदाहरण समोर असताना, आपल्या महाविद्यालयांनी या ज्ञानाची शास्त्रशुद्ध नोंद करण्याचे काम हाती घेणे उचित ठरेल. प्रादेशिक भिन्नतेनुसार एकाच जातीच्या सापाचे विष बदलते आणि एका प्रदेशातील विषापासून केलेले औषध दुसरीकडे तितके प्रभावी ठरेलच असे नाही, हे अलीकडील संशोधनाने दाखवून दिले आहे. अशा वेळी स्थानिक सापांच्या नोंदींना वैद्यकीय मोलही प्राप्त होते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) महाराष्ट्रात साप बंदिस्त ठेवण्याचा इतिहास हा माणसाच्या हेतूंचा इतिहास आहे. करमणूक, पूजा, औषध, शिक्षण आणि सहवास या क्रमाने हेतू बदलत गेले व त्यानुसार सापाच्या निवाऱ्याचे रूप बदलले.

२) टोपली व मडके यांनी सापाला अंधार आणि आडोसा दिला. परंतु अन्न, तापमान आणि स्वास्थ्य यांचा विचार प्रयोगशाळेच्या काळापासून सुरू झाला. पाळीव सापाच्या काचपेटीत प्रथमच सापाचे रुळणे हाच मुख्य हेतू बनला.

३) साप नव्या जागी रुळल्याची खूण म्हणजे त्याने निर्भयपणे अन्न घेणे. त्यासाठी पाळणाऱ्याने करावयाची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काही दिवस काहीही न करणे. नागपंचमीला जमीन न खणण्याचा संकेत आणि पिल्लाला आठवडाभर हात न लावण्याचा नियम यांत तत्त्वतः भेद नाही.

४) देशी साप पाळणे बेकायदेशीर आहे आणि विदेशी साप पाळण्यास कागदपत्रे, दीर्घ जबाबदारी व हवामानाचे भान यांची अट आहे. या तिन्हींची पूर्तता करता येत नसेल, तर साप न आणणे हाच विवेक होय.

५) शहापूर-मुरबाड परिसरात सापासाठी वेगळी पेटी करण्याची गरज नाही. बांध, वारूळ, ढोली आणि भाताची खाचरे ही त्याची घरे येथे अद्याप शिल्लक आहेत. सिमेंटचे बांध, डोंगरउतारांवरील बांधकामे आणि वणवे यांपासून ती वाचविणे, हे प्राणिशास्त्र विभागाइतकेच इतिहास व समाजशास्त्र विभागांचेही काम आहे. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांतून सर्पदंशाचा प्रथमोपचार, जवळच्या रुग्णालयातील प्रतिसर्पविषाची उपलब्धता आणि स्थानिक सापांची ओळख हे तीन विषय नियमितपणे घेतले गेले, तर या अभ्यासाचा प्रत्यक्ष उपयोग होईल.